जूनमधलं नवं माणूस: शाळेत आलेल्या लेकरांचं आणि शिक्षकांचं स्वागत कसं करावं

१५ जूनला सकाळी आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळेच्या फाटकातून दोन नवी माणसं आत येतात. एक असतं पहिलीतलं लेकरू, तेल चोपडून भांग पाडलेलं, आईचा पदर मुठीत घट्ट धरलेलं. दुसरे असतात नव्यानं रुजू होणारे शिक्षक. हातात आदेशाची झेरॉक्स, आणि आपण बरोबर गावी उतरलो ना म्हणून शाळेची पाटी दोनदा वाचणारे. दोघांच्याही पोटात गोळा आलेला असतो. फुग्यांनी आणि गुलाबाच्या फुलानं तो जात नाही, हे मी बीड आणि परभणी जिल्ह्यांतल्या शाळांत बावीस वर्षं पाहत आलेय.

माझा पहिला दिवस मला अजून आठवतो. २००३ साल, मी शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरची नवी शिक्षिका. हजेरीपत्रक हातात दिलं, "चौथी तुमची" म्हणाले आणि सगळे आपापल्या वर्गात गेले. संडास कुठं आहे हे विचारायची लाज वाटली, म्हणून दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. संध्याकाळी घरी जाताना डोकं ठणकत होतं. कुणी वाईट वागलं नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हापासून माझी एकच फूटपट्टी आहे. मधल्या सुट्टीपर्यंत नव्या माणसाला चार गोष्टी कळल्या पाहिजेत: पाणी कुठं आहे, संडास कुठं आहे, अडलं तर कुणाला विचारायचं, आणि इथं आपलं नाव कुणाला तरी ठाऊक आहे. खाली जे सांगतेय ते सगळं या चार गोष्टींसाठी आहे.

एप्रिल: यादी आणि हाकेचं नाव

स्वागताची सुरुवात अंगणवाडीच्या रजिस्टरपासून होते. ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारी लेकरं पहिलीत येतात. अंगणवाडीताईसोबत बसून ती नावं उतरवून घ्या आणि मग गावात फिरा. गावठाणातली लेकरं यादीत असतातच. सुटतात ती शेतात आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरात राहणारी, तांड्यावरची, आणि एप्रिलमध्ये नुकतीच ऊसतोडीहून परतलेली. त्यांच्यासाठी उन्हं कलल्यावर जावं लागतं, दुपारी दाराला कडी असते.

घरी गेल्यावर एक गोष्ट नक्की विचारा: "लेकराला घरी काय म्हणून हाक मारता?" आपल्याकडं पाच-सहा वर्षांचं लेकरू सोनी, पिंट्या, बाळू, मुन्नी याच नावाला ओ देतं. आधारवरचं नाव त्याला माहीतच नसतं. पहिल्या दिवशी बाई पूर्ण नाव पुकारतात, लेकरू गप्प बसतं आणि हजेरीत गैरहजेरी लागते. समोर बसलेलं असताना! माझ्या यादीत म्हणून एक जास्तीचा रकाना असतो, हाकेच्या नावाचा. पहिला आठवडा हजेरी दोन्ही नावांनी घ्यायची: आधी घरचं, लगेच मागून शाळेचं. आठवडाभरात लेकराला आपलं मोठं नाव पाठ होतं.

याच फेरीत कागद पाहून घ्या. जन्माचा दाखला नसेल तरी प्रवेश थांबत नाही, हे पालकांना तिथंच सांगा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही लेकराला परत पाठवता येत नाही. दवाखान्यातली किंवा नर्सबाईंकडची नोंद, अंगणवाडीतली नोंद, तीही नसेल तर पालकांचं प्रतिज्ञापत्र चालतं. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत जन्मलेल्या लेकराचा दाखला कुठल्या गावच्या ग्रामपंचायतीत शोधणार? अशी लेकरं माझ्याकडं दर वर्षी येतात. दुसऱ्या शाळेतून येणाऱ्याचा दाखला यायला वेळ लागत असेल, तर त्यासाठीही प्रवेश अडवून ठेवता येत नाही.

एक काळजी मात्र आत्ताच घ्या. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, जे नाव आणि जी जन्मतारीख चढेल, ती त्या लेकराला जन्मभर पुरते. पुढं दुरुस्ती करायची म्हणजे आईबापाची मजुरी बुडवून खेटे. नाव वाचून दाखवा, आईकडून दोनदा वदवून घ्या, मगच शाईनं लिहा.

शाळापूर्व तयारीचा मेळावा शासन घ्यायला सांगतंच. त्यात रंगीत टेबलांपेक्षा आयांचे गट महत्त्वाचे. एका गल्लीतल्या चार-पाच आया, त्यांच्यात एक वाचता येणारी. उन्हाळाभर लेकराशी काय खेळायचं हे त्या एकमेकींना सांगतात. शिवाय १५ जूनला लेकरू ओळखीच्या चेहऱ्यांसोबत शाळेत येतं.

जूनचा पहिला आठवडा: इमारत

यावर फार लिहीत नाही. पाण्याची टाकी आतून घासून घ्या. गावाला टँकर चालू असेल तर शाळेच्या वाट्याचं पाणी ग्रामपंचायतीकडून आधीच ठरवून घ्या, कारण शाळा उघडते तेव्हा पाऊस आलेला असेलच असं आपल्याकडं नाही. संडासाची कडी पहिलीतल्या लेकराच्या हाताला पुरते का, ते स्वतः वाकून पाहा. पुस्तकांचे गठ्ठे, पायपुसणी, बंद कपाटं हलवून झटका. महिना-दीड महिना बंद खोलीत विंचू हमखास निघतो. निजामकाळातली खोली असेल आणि भिंतीला नवी चीर दिसली, तर तिथं वर्ग बसवू नका. लिंबाखाली बसवा, पण तिथं नको. आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं पावसात वाहून जातं.

नव्या शिक्षकांचं स्वागत फोनवर सुरू होतं

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झालेले किंवा बदलीनं येणारे शिक्षक आता कुठूनही येतात. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, गडचिरोली. आदेशावर त्यांना फक्त गाव आणि तालुका दिसतो. त्यांचा नंबर मिळाला की त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी फोन करावा. अभिनंदन दोन वाक्यांत, बाकी कामाचं बोला.

काय सांगायचं? कुठल्या फाट्यावर उतरायचं. तालुक्याहून पहिली एसटी किती वाजता आणि शेवटची परतीची किती वाजता. फाट्यापासून शाळा किती लांब. पाऊस पडल्यावर त्या रस्त्याचं काय होतं हेही सांगा, कारण काळ्या रानाचा चिखल ज्यानं पाहिलेला नाही तो गाडी घालतो, मडगार्डमध्ये माती भरून चाक जाम होतं आणि पहिल्याच दिवशी माणूस गाडी ढकलत शाळेत येतो. गावात खोली मिळते का, कुणाची, भाडं किती, पाणी कितव्या दिवशी येतं. कुठल्या कंपनीचं सिम गावात चालतं. एकट्या बाई येणार असतील, तर आमच्यातल्याच एका बाईंनी आधी जाऊन खोली पाहायची आणि घरमालकिणीशी बोलायचं, हा आमच्या शाळेचा रिवाज आहे.

कागदांचंही याच फोनवर. शिक्षणाची मूळ कागदपत्रं, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागू असेल तर ते, जिल्हा शल्यचिकित्सकांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँकेचं पासबुक. बदलीनं येणाऱ्यांसाठी कार्यमुक्तीचा आदेश आणि शेवटचं वेतन प्रमाणपत्र. नव्या माणसाचा पहिला पगार शालार्थचा, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीचा, आयडी तयार झाल्याशिवाय निघत नाही आणि त्यात बऱ्याचदा काही महिने जातात. हे त्यांना आधीच कळलं तर घरून पैशाची सोय करून येता येतं. मी लागले तेव्हा शिक्षणसेवकाचं मानधन महिना ३,००० रुपये होतं, आता प्राथमिकला १६,००० आहे. पण हातात यायला उशीर झाला की रक्कम कितीही असो, किराणा उधारच येतो. गावातल्या दुकानदाराला "आमचे नवे सर आहेत, खातं मांडा" एवढं सांगणं हेसुद्धा स्वागतच.

रुजू होण्याचा दिवस

फाट्यावर कुणीतरी घ्यायला जा. शिक्षक मोकळे नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जातील. समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, त्यांना अशी कामं हवी असतात. शाळेत आल्यावर आधी पाणी, मग चहा. नंतर एकानं त्यांना सगळी शाळा फिरवून दाखवावी. संडास, टाकी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, किल्ल्या कुठं टांगतात, घंटा कोण देतं. रुजू अहवालावर सही त्यानंतर.

ऑफिसात बसल्यावर पहिला प्रश्न काय विचारायचा, यावर माझं ठाम मत आहे. "आडनाव काय? गाव कोणतं? म्हणजे तुम्ही कोणाचे?" ही प्रश्नांची साखळी कुठं नेते हे आपण सगळे जाणतो. ती शाळेत सुरू होऊ देऊ नका. कुणी सुरू केली तर मुख्याध्यापकांनी तिथंच तोडावी. विचारायचंच असेल तर विचारा, "कुठला विषय शिकवायला आवडतो?" लेकरांच्या बाबतीतही तेच. शिष्यवृत्तीच्या याद्या करताना वर्गात उभं राहून जात पुकारायची नाही. कागद पाहून, हळूच, एकेकाला बोलावून घ्यायचं.

दुसरं मत: नव्या शिक्षकाला पहिलीचा वर्ग देऊ नका. बऱ्याच शाळांत उलटं होतं. जुने लोक वरचे वर्ग धरून बसतात आणि सगळ्यात रडका वर्ग सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतो. पहिलीला शाळेतला सगळ्यात मुरलेला शिक्षक हवा. नव्याला तिसरी द्या. तिसरीतली लेकरं शाळेला रुळलेली असतात आणि नव्या माणसाला सांभाळून घेतात.

एक सोबती शिक्षक नेमून द्या. मुख्याध्यापक नको, कारण साहेबाला साधा प्रश्न विचारायची भीती वाटते. पहिले तीन दिवस नव्यानं सोबत्याच्या वर्गात मागं बसावं. चौथ्या दिवसापासून स्वतःचा वर्ग. सोबत्यानं त्यांच्या वर्गात जायचं ते बोलावलं तरच.

गावाची ओळख करून देताना गावची भांडणं सांगू नका. कोणत्या गटाचा सरपंच आणि कोण कुणाशी बोलत नाही, हे त्यांना कळायचं तेव्हा कळेल. एवढं मात्र सांगा की काही पालक पहिल्याच भेटीत म्हणतील, "गुरुजी, हाणा पण शिकवा." मनापासून म्हणतील. तरी हाणायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत, आणि कायदा नसता तरी ज्या लेकरानं मार खाल्ला ते शाळा टाळायला शिकतं.

शब्दांची वही

हे काम आमच्या चौथीच्या लेकरांकडं असतं आणि त्यांना ते फार आवडतं. बाहेरून येणाऱ्या शिक्षकांसाठी ती एक वही तयार करतात. डाव्या बाजूला गावचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातला. मव्हं म्हणजे माझं, तुव्हं म्हणजे तुझं, कामून म्हणजे का, आवंदा म्हणजे यंदा, उलुसं म्हणजे थोडंसं, सांच्याला म्हणजे संध्याकाळी. तांड्यावरची लेकरं आपलं पान जोडतात: याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकरी, आणि वाक्य म्हणून "तारो नाम कांई छ?" उर्दू बोलणाऱ्या घरातली आपलं. देगलूर-बिलोलीकडं तेलुगूचं पान लागेल, उमरग्याच्या सीमेवर कानडीचं, किनवटच्या पाड्यांवर गोंडी-कोलामीचं.

नवे शिक्षक ही वही वाचून लेकरांशी मोडकंतोडकं बोलतात, लेकरं हसतात, दुरुस्त करतात. पहिल्याच आठवड्यात शिक्षक शिकणारा आणि लेकरू शिकवणारं होतं. "मव्हं नाही, माझं म्हण" असं पहिल्या दिवशी टोकलेलं लेकरू महिनाभर तोंड उघडत नाही, हा माझा अनुभव. प्रमाण भाषा यायलाच हवी, पण ती आधी बोलू लागलेल्या लेकराला येते.

पहिला दिवस: कार्यक्रम छोटा

प्रवेशोत्सव जरूर करा. बैलगाडीतून मिरवणूक काढायची असेल तर बैल कुणाचे मोकळे आहेत ते पाहा. मिरगाचा पाऊस झालेला असेल तर बैल तिफणीला जुंपलेले असतात आणि बैलवाल्यालाही नाही म्हणता येत नाही. हलगी, डीजे पहिलीच्या लेकरांच्या कानाशी नको, मी त्यानं घाबरून पळालेली लेकरं पाहिलीत. कागदावर रंगानं पाऊल उमटवणं छान, तो कागद जपून ठेवा आणि चौथीच्या निरोपाला परत द्या. पाहुण्यांची भाषणं एक, फार तर दोन. सगळं मिळून अर्धा तास. उन्हात बसलेल्या लेकरांना शाल-श्रीफळाशी काही देणंघेणं नसतं. पुस्तकं त्याच दिवशी हातात पडली पाहिजेत, कारण नव्या पुस्तकाचा वास घेत घरी गेलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी येतं.

खरं काम ताई-दादांचं. पहिलीतल्या प्रत्येक लेकराला चौथीतलं एक ताई किंवा दादा. ही जोडी आधी ठरवा, शक्यतो एकाच गल्लीतली किंवा एकाच तांड्यावरची. चौथीच्या लेकरांना आदल्या दिवशी तासभर बोलावून सराव घ्या. नळावर सोबत जायचं. संडास दाखवायचा, कडी कशी लावायची आणि आतून कशी काढायची ते करून दाखवायचं, आणि बाहेर थांबायचं. खिचडीला शेजारी बसायचं. लेकराला त्याच्या हाकेच्या नावानं बोलवायचं. रडलं तर उचलून बाईंकडं आणायचं नाही, आधी शेजारी बसायचं. एवढं सांगितलं की नऊ-दहा वर्षांची लेकरं इतक्या जबाबदारीनं वागतात की पाहत राहावं.

नव्या शिक्षकांनाही एक ताई किंवा दादा द्या. गंमत म्हणून नाही. पहिल्या पंधरवड्यात ते गृहभेटींना जातील तेव्हा कुठल्या घरी कुत्रं सोडलेलं असतं आणि कुठली आजी चहा घेतल्याशिवाय उठू देत नाही, हे त्या लेकरालाच माहीत असतं.

फार रडणाऱ्या लेकराची आई आत बसू द्या. पहिले दोन दिवस वर्गात, तिसऱ्या दिवशी ओट्यावर, चौथ्या दिवशी फाटकाशी. मोठी बहीण वरच्या वर्गात असेल तर आठवडाभर तिच्याजवळ बसलं तरी काही बिघडत नाही. पहिलीचे पहिले तीन महिने विद्याप्रवेश या शाळातयारीच्या कार्यक्रमातल्या खेळांचेच असतात, अक्षरांची घाई करू नका.

पेरणीचे दिवस

तिसऱ्या दिवसापासून पट गळायला लागतो. पाऊस झाला की घरदार रानात जातं, मोठी लेकरं बियाणं टाकायला नाहीतर बारकं सांभाळायला. वारीचे दिवस आले की काही जण आजी-आजोबांसोबत दिंडीत. नव्या शिक्षकांना हे कळत नाही, त्यांना वाटतं आपल्यालाच कंटाळून लेकरं येईनात. त्यांना आधीच सांगून ठेवा. जे लेकरू २८ जूनला पहिल्यांदा येईल त्याला "आत्ता उगवलास का?" असं विचारायचं नाही. त्याचं पाऊलही कागदावर उमटवायचं, त्यालाही पुस्तकं त्याच दिवशी, त्यालाही ताई. मी रंगाची ताटली आणि कोरे कागद ऑगस्ट संपेपर्यंत कपाटात हाताशी ठेवते.

दुसरं स्वागत

आमच्या भागात ते दिवाळीनंतर रिकामी झालेली शाळा पुन्हा भरते तेव्हा करावं लागतं. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडं जातात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. आजीआजोबा असतील तर लेकराला मागं ठेवा, हंगामी वसतिगृह सुरू असेल तर तिथं ठेवा, हे आम्ही प्रत्येक घरी जाऊन सांगतो. तरी काही लेकरं जातातच. जाणाऱ्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, ते तिकडच्या शाळेत दाखवलं की तिथं बसता येतं. कार्ड आईच्या पदराला बांधण्याआधी तिला त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. पटावरचं नाव काढू नका.

फेब्रुवारी-मार्चपासून ती परत यायला लागतात. वर्ग दूरवर गेलेला असतो, बसायची जागा दुसऱ्यानं घेतलेली असते. म्हणून जूनमध्येच काही गोष्टी राखून ठेवायच्या: पुस्तकांचा संच नाव घालून कपाटात, पाटी-पेन्सिल, आणि ताई-दादाची जोडी वहीत लिहिलेली. लेकरू आलं की त्या दिवशी चाचणी घ्यायची नाही. विचारायचं, "तिकडं काय काय पाहिलंस?" ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किती टन ऊस बसतो, काट्यावर वजन कसं होतं, एका कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, दिवसाला किती पैसे पडतात, हे त्याला तोंडपाठ असतं. मागच्या वर्षी आमच्या नव्या सरांनी अशाच एका मुलाला फळ्यापाशी उभं केलं आणि टनाचं गणित त्याच्याकडून वर्गाला समजावून घेतलं. हजार किलोचा एक टन, हे त्या दिवशी साऱ्या तिसरीला कळलं. कर्नाटकातून आलेल्या एका पोरीनं शब्दांच्या वहीत कानडीचं पान सुरू केलं. नीर म्हणजे पाणी, बा म्हणजे ये.

तीच पोर यंदा मार्चमध्ये पुन्हा परतली. अकरा वाजून गेले होते, खिचडी शिजत होती. फाटकाशी घुटमळत उभी होती, चपला हातात. मी उठेपर्यंत चौथीतली तिची ताई वर्गातून बाहेर पडली होती. "बा," ती लांबूनच म्हणाली, आणि तिला घेऊन नळाकडं गेली.